पडद्यावरचे रुग्णालय आणि कामा रुग्णालयातील रात्र

१/ २०२१ मध्ये ‘मुंबई डायरीज २६/११’ ही मालिका आली. तिचा नायक शल्यविशारद, घटनास्थळ ‘बॉम्बे जनरल हॉस्पिटल’ हे काल्पनिक रुग्णालय. गोळ्यांच्या जखमा, रक्तस्राव, तातडीच्या शस्त्रक्रिया यांवर तिचे नाट्य उभे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्लेखोर प्रत्यक्षात ज्या रुग्णालयात शिरले, तेथील एका कक्षातील आणीबाणी मात्र निराळी होती.

२/ छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील हत्याकांडानंतर अजमल कसाब व अबू इस्माईल जवळच्या कामा रुग्णालयात घुसले. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय स्त्रिया व बालकांसाठी होते. पुरुष डॉक्टरांकडे जाण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी, हा त्यामागील हेतू. त्याची धुरा सांभाळणाऱ्या डॉ. एडिथ पेची यांनीच पुढे रखमाबाईंच्या वैद्यकीय शिक्षणाला पाठबळ दिले.

३/ या परंपरेमुळेच त्या रात्री हल्लेखोरांच्या वाटेत गर्भवती स्त्रिया होत्या. प्रसूतिपूर्व कक्षात २० जणी होत्या आणि रात्रपाळीवर परिचारिका अंजली कुलथे. आवारात दोन पहारेकरी मारले गेले, एक आया गोळी लागून जखमी झाली. कुलथे यांनी कक्षाची जड दारे लावून घेतली, सर्व स्त्रियांना पॅन्ट्रीत हलवले आणि जखमी आयेला उपचारांसाठी पोहोचवले.

४/ त्या स्त्रियांपैकी एकीला उच्च रक्तदाब होता. गरोदरपणात रक्तदाब फार वाढला, तर झटके येण्याचा किंवा वार अकाली सुटण्याचा धोका असतो. अशा वेळी माता व बालक या दोघांचाही जीव पणास लागतो. त्यात तिला कळा सुरू झाल्या. बाहेर गोळीबार, स्फोट चालू असताना कुलथे तिचा हात धरून, भिंतीच्या आडोशाने तिला प्रसूतिगृहात घेऊन गेल्या. तेथे तिची प्रसूती सुखरूप झाली.

५/ पुढे कुलथे यांनी कसाबला ओळखले आणि न्यायालयात परिचारिकेच्या गणवेशात साक्ष दिली. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही त्या रात्रीची हकिकत मांडली.

६/ मालिकेतील आणीबाणी शस्त्रक्रियेच्या टेबलावर दिसते, कारण जखम कॅमेऱ्याला टिपता येते. कामातील त्या कक्षात दार वेळेत लावले गेले आणि २० स्त्रिया जखमी झाल्याच नाहीत. न घडलेली हानी ना पडद्यावर दिसते, ना मृत-जखमींच्या यादीत. ती इतिहासात नोंदली गेली, ती एका परिचारिकेने दिलेल्या साक्षीमुळे.