पक्षाघाताची पहिली घटका

पक्षाघात हा रोग मानवाला प्राचीन काळापासून परिचित आहे. आयुर्वेदाने त्याला 'पक्षवध' म्हटले. ग्रीक वैद्यांनी दिलेल्या नावाचा अर्थही आघाताने कोसळणे असाच होता. परंतु रोगाला नाव देणे वेगळे आणि तो वेळीच ओळखणे वेगळे. या ओळखीचा इतिहास म्हणजे निदानाचे स्थान हळूहळू रोग्याच्या जवळ सरकत आल्याचा इतिहास होय.

प्रारंभी कारणाचा उलगडा मृत्यूनंतरच होई. स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर याने १६५८ साली शवविच्छेदनाच्या आधारे मेंदूतील रक्तस्रावाचा या आघाताशी असलेला संबंध दाखविला. पुढे तीन शतकांनी, १९७१ मध्ये, लंडनच्या एका रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने प्रथमच रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले, आणि रक्तस्राव की रक्ताची गुठळी, हा भेद रोगी जिवंत असतानाच कळण्याचा मार्ग मोकळा झाला.

या भेदाचे खरे मोल १९९५ साली कळले. गुठळी विरघळविणारे औषध तीन तासांच्या आत दिल्यास अनेकांचे पंगुत्व टळते, असे अमेरिकेतील चाचणीत दिसून आले. २००८ च्या युरोपीय चाचणीने ही मुदत साडेचार तासांवर नेली. मात्र रक्तस्राव असता तेच औषध घातक ठरते. शिवाय मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मिनिटाला सुमारे एकोणीस लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. साहजिकच रुग्णालयाच्या दाराशी वाट पाहणे परवडेनासे झाले. १९९७ मध्ये सिनसिनाटीच्या वैद्यांनी वाकडा चेहरा, गळणारा हात आणि अडखळणारी वाणी या तीन खुणा रुग्णवाहिकेतील सेवकांच्या हाती दिल्या. जर्मनीतील होम्बुर्ग येथे २००८ मध्ये सीटी यंत्रच रुग्णवाहिकेत बसविले गेले.

तरीही पहिला दुवा राहतो तो दूरध्वनीचा. कोपनहेगनमध्ये २०१५ ते २०२० या काळातील वैद्यकीय साहाय्याच्या संभाषणांवरून संगणकाला पक्षाघात ओळखण्यास शिकविण्यात आले. नियम न सांगता असंख्य उदाहरणांतून यंत्राने स्वतःच खुणा शोधाव्यात, ही ती पद्धत. तिलाच मशीन लर्निंग म्हणतात. २०२१ च्या संभाषणांवर तिची परीक्षा झाली. दूरध्वनी घेणाऱ्यांनी शंभरांपैकी सुमारे त्रेपन्न रुग्ण ओळखले होते. यंत्राने त्रेसष्ट ओळखले. पण त्याच्या चार इशाऱ्यांपैकी तीन चुकीचे होते. माणसांच्या बाबतीत हे प्रमाण याहूनही अधिक होते, हे नमूद करणे न्याय्य ठरेल.

या यशाची मर्यादाही त्यातच आहे. ते यंत्र डॅनिश भाषेवर वाढले. 'बाबांचं तोंड वाकडं झालंय' असे घाबऱ्या स्वरात सांगणारी वऱ्हाडातील वा इंदूरची लेक त्याने कधी ऐकलेली नाही. ज्या भाषेतील आर्त हाका संग्रहित झाल्या नाहीत, त्या भाषेपुरते ते बहिरेच राहणार. शिवाय संशयाचा इशारा म्हणजे निदान नव्हे. औषधाचा निर्णय सीटी चित्र पाहणाऱ्या वैद्याचाच. यंत्र वेळ वाचवील. पण वाचलेल्या वेळात रुग्णवाहिका, रस्ता आणि सुसज्ज रुग्णालय रोग्याच्या वाट्यास यावे, ही जबाबदारी मात्र समाजाची आणि शासनाचीच राहील.