हौसेचा रस्ता, पोटाचा रस्ता

'फिरायला जाणे' हा शब्दप्रयोग आमच्या लहानपणी दोनच जणांना लागू व्हायचा. एक, डॉक्टरांनी सांगितलेला मधुमेहाचा रोगी आणि दुसरा, गावातला रिकामटेकडा! सायकलवरून फिरायला जाणे तर कुणाच्या डोक्यातही येत नसे. सायकल ही कामाची वस्तू. दूधवाला, पोस्टमन, ग्रामसेवक आणि आम्ही मास्तर लोक तिचे मुख्य धनी. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालायचा, वर्षातून एकदा ओव्हरऑईलिंग करायचे आणि उरलेले दिवस तिने आपल्याला ओढायचे, असा सरळ करार होता.

आता रविवारी सकाळी डोंगरगणच्या किंवा करंजीच्या घाटात गेलात तर डोक्याला हेल्मेट, अंगाला घट्ट कपडे आणि बोटाने उचलता येईल अशी सायकल घेतलेली तरुण मंडळी दिसतात. शेतातला माणूस क्षणभर थांबून बघतो. घाट चढायचा, वर दम घ्यायचा आणि काहीही काम न करता परत यायचे. हा प्रकार त्याला अजून नीट उमजलेला नाही. मला मात्र त्यामागचा इतिहास शोधावासा वाटला.

हौसेचा इतिहास हा खरे तर रजेचा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये सायकलवरून सहली काढणाऱ्यांचा 'सायकलिस्ट्स टूरिंग क्लब' १८७८ साली निघाला. तेव्हा पुढचे चाक अवाढव्य असलेल्या सायकली होत्या. १८८५ मध्ये स्टार्ली यांची दोन सारख्या चाकांची 'रोव्हर' आली, १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर आणला आणि सायकल सामान्यांच्या आवाक्यात आली. पण सायकल असून भागत नाही, सुट्टीही लागते. फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा १९३६ साली मिळाली. इंग्लंडमध्ये तसा कायदा १९३८ साली झाला. आपल्याकडे कारखान्यातल्या कामगाराला वार्षिक पगारी रजा १९४८ च्या कायद्याने मिळाली. शेतकऱ्याला आणि शेतमजुराला ती कोणत्याच कायद्याने मिळाली नाही. त्याची रजा पावसाने दिलेली, आणि ती बहुधा बिनपगारीच!

हौसी सायकलस्वार आपल्याकडे नव्हतेच असे मात्र नाही. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये ती पुरी करून परतले. अंतर सुमारे ७१ हजार किलोमीटर! पण असे वीर विरळाच.

युरोपातल्या हौसेचे टोक पाहायचे असेल तर भूमध्य समुद्रातले स्पेनचे मायोर्का बेट पाहावे. बेटाच्या वायव्य कडेने त्रामुंताना ही डोंगररांग आहे. तिचे सर्वोच्च शिखर आपल्या कळसूबाईपेक्षा (१६४६ मीटर) सुमारे दोनशे मीटरने ठेंगणे. या डोंगरातून समुद्रकाठच्या सा कालोब्रा नावाच्या लहानशा वस्तीकडे उतरणारा एक रस्ता आहे. आंतोनियो पारिएत्ती या अभियंत्याने तो आखला आणि १९३२ साली तो पुरा झाला. लांबी फार नाही, पण वळणे अशी की एका ठिकाणी रस्ता टायच्या गाठीसारखा स्वतःच्याच खालून जातो. हा रस्ता पुढे कुठेही जात नाही. खाली समुद्र. आलात तसे चढून परत जा. प्रवाशांना तो देखावा दाखवण्यासाठीच तो केला गेला. आज जगभरचे सायकलपटू सरावासाठी तिथे लोटतात.

आता आपल्या अकोले तालुक्यात या. भंडारदऱ्याला आर्थर लेकभोवती फिरणारा रस्ता आज सायकलवाल्यांचा लाडका आहे. शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि परत शेंडी. वाटेत अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर, वर रतनगड, पावसाळ्यात जिकडे तिकडे धबधबे. सौंदर्यात हा मुलूख मायोर्काला हार जाणार नाही. पण इकडे माणसांची वर्दळ वाढली ती देखाव्यासाठी नव्हे. प्रवरेवरच्या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. (ते तीन पारशी तरुण तेव्हा अजून वाटेतच होते.) पाणी हवे होते खालच्या दुष्काळी पट्ट्याला. त्या पाण्यावर ऊस आला, हरिगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना चालला, आणि पुढे १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. डोंगरातल्या महादेव कोळी आणि ठाकर माणसांच्या वाट्याला उरली ती वरकस जमीन आणि जलाशयाचा देखावा. देखाव्याची किंमत कळायला पर्यटक यावे लागले!

पण मला सगळ्यात जास्त आठवतात ते १९७२ चे रस्ते. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. सायकलवरून शाळेत जाताना दुतर्फा माणसे खडी फोडत बसलेली असत. बायाबापड्या, म्हातारे, पाठीशी फडक्याच्या सावलीत निजवलेली पोरे. खायला अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो आणि सुकडी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांतली कितीतरी रस्त्यांवर. वर्गात पट पन्नासचा आणि हजेरी वीसची. उरलेली मुले मला वाटेतच भेटत, हातात हातोडी घेऊन. 'गुरुजी, नमस्कार' म्हणत. मी सायकलवरून उतरून हजेरी घ्यावी तरी कुठल्या तोंडाने?

त्या वेळचे कित्येक रस्ते माळावर जाऊन नुसतेच संपत. लोक हसून म्हणत, 'सरकारचा रस्ता, ना गाव ना पत्ता'. सा कालोब्राचा रस्ताही कुठेच जात नाही, आणि हेही जात नव्हते. तिकडे कुणाला समुद्र दाखवायचा होता, इकडे कुणाची चूल पेटवायची होती. रस्त्याचे दुसरे टोक महत्त्वाचे नव्हते, शनिवारचा पगार महत्त्वाचा होता. याच कामांच्या अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, हे आपल्या राज्याचे मोठेपण. त्या अर्धवट रस्त्यांपैकी अनेक पुढे जोडले गेले, डांबरी झाले. त्यांवरून दूध गेले, ऊस गेला, मुली हायस्कुलात गेल्या. आणि आता हौस जाते.

हौसेला नावे ठेवावीत असे मला मुळीच वाटत नाही. उलट, ज्या जिल्ह्यात माणसे पोटासाठी खडी फोडत होती, तिथली नातवंडे विनाकामाची घाट चढतात, ही प्रगतीच आहे. तीन पिढ्यांनी मिळून कमावलेली ही सुट्टी आहे. फक्त ती सगळ्यांना मिळालेली नाही, एवढे ध्यानात असावे. तुमच्या शेजारून डोक्यावर मोळी घेऊन जी बाई घाट चढते, तिचा रविवार अजून यायचा आहे.

म्हणून तरुण मित्रांना एवढेच सुचवतो. घाटमाथ्यावर दम घ्यायला थांबाल तेव्हा टपरीवर चहा घ्या आणि तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, 'बाबा, हा रस्ता कधी झाला?' बहुतेक तो साल सांगणार नाही. 'बहात्तरच्या दुष्काळात' एवढेच म्हणेल, आणि मग पुढचे तासभर बोलत राहील. तेवढा वेळ हाताशी ठेवून निघा.