लायसेन्कोवाद

लायसेन्कोवाद म्हणजे सोव्हिएत संघात राज्यसत्तेच्या पाठबळावर आनुवंशिकीविरुद्ध चालवली गेलेली मोहीम होय. कृषितज्ज्ञ त्रोफिम लायसेन्को (१८९८–१९७६) यांनी मेंडेलचे नियम नाकारले; परिस्थितीमुळे वनस्पतींत घडलेले बदल पुढील पिढीत उतरतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्तालिन यांच्या पाठिंब्याने ऑगस्ट १९४८ मध्ये हे मत अधिकृत ठरले व अनेक विरोधी संशोधकांना पदे गमवावी लागली. बियाण्यांचा जगप्रसिद्ध संग्रह उभारणारे निकोलाय वाविलोव्ह यांना त्याआधीच, १९४० मध्ये अटक झाली होती. १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह सत्ताभ्रष्ट झाल्यावर लायसेन्को यांचा प्रभाव ओसरला. विज्ञान राजकारणापासून अलिप्त असावे का, या चर्चेत हे उदाहरण नेहमी दिले जाते. संशोधनाचा निधी व अग्रक्रम शासन ठरवू शकते; निष्कर्षांची सत्यता मात्र पुराव्यावरूनच ठरते.