निनांवी पितर

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला म्हणजे आमच्या घरांतून वडील, आजोबा आणि पणजोबा अशा तीन पिढ्यांचीं नांवें गोत्रासह उच्चारलीं जातात. शास्त्रकारांनीं त्यांस अनुक्रमें वसु, रुद्र आणि आदित्य मानिलें आहे. त्यांच्या वरच्या पिढ्यांना स्वतंत्र पिंड नाहीं. पिंड देतांना हाताला चिकटून राहिलेल्या अन्नाचे तेवढे ते वांटेकरी. मग ज्याच्या मागें नांव घेणारा कोणीच उरला नाहीं, त्याची वाट काय? बोरिवलीच्या पश्चिमेस असलेल्या एकसर गांवच्या वीरगळांचा विचार करूं लागलों म्हणजे हा प्रश्न आम्हांस टाळतां येत नाहीं.

एकसर हें नांव आज पुष्कळांना २०२२ सालीं सुरू झालेल्या मेट्रोच्या स्थानकामुळें ठाऊक असेल. परंतु १८८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटिअरांत तेथील तळ्याकांठच्या सहा कोरीव शिळांचें सविस्तर वर्णन आहे. त्यांतील मोठ्या शिळा सुमारें दहा फूट उंच. वीरगळाची रीत अशी कीं तो खालून वर वाचावयाचा: खालीं युद्ध आणि मरण, त्यावर अप्सरांसह स्वर्गारोहण, त्याहून वर शिवाची पूजा, आणि शिरोभागीं कलश. एकसरचें वैशिष्ट्य हें कीं येथें भूमीवरील लढायांबरोबर समुद्रावरील लढायाही आहेत. डोलकाठ्या उभ्या आहेत, वल्ह्यांच्या रांगा चालत आहेत, आणि शत्रूच्या गलबतावर चाल होत आहे. सगळें कोरलें आहे. नाहीं तें फक्त वीराचें नांव.

हें युद्ध कोणतें, याविषयीं मतभेद आहे. कांहीं संशोधक तें उत्तर कोंकणचा अखेरचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यामध्यें १२६५ च्या सुमारास झालेलें मानतात. दुसरे तें अकराव्या शतकापर्यंत मागें नेतात. सोमेश्वर समुद्रांत बुडाल्याचें महादेवाचा मंत्री हेमाद्रि यानें आपल्या राजप्रशस्तींत सांगितलें आहे. योगायोग असा कीं हाच हेमाद्रि ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या ग्रंथाचा कर्ता, आणि त्या ग्रंथांत श्राद्धाचें अतिविस्तृत विवेचन आहे. राजाच्या मरणाची नोंद प्रशस्तींत झाली. वल्हीं मारणाऱ्याच्या मरणाची नोंद कोणी करावी?

मृतांच्या नांवांना मर्यादा घालणें ही कांहीं आमच्याच लोकांची रीत नव्हे. चीनमध्यें चू शी (११३०–१२००) या पंडिताच्या कुलाचारानुसार घरच्या देवघरांत चार पिढ्यांच्या नांवांच्या लांकडी पाट्या ठेवीत. नवी पिढी आली कीं सर्वांत जुनी पाटी उचलून थडग्यापाशीं पुरीत. जपानांत पुष्कळ ठिकाणीं तेहतिसाव्या किंवा पन्नासाव्या वर्षाचा विधि झाला कीं मृताचें वेगळेपण संपून तो कुळाच्या पितरांत मिळून जातो, अशी समजूत आहे. तात्पर्य, तिन्ही देशांत मृताला कांहीं काळ नांवानें आठवावयाचें, आणि मग त्यास पितरांच्या समुदायांत निश्चिंतपणें सोडून द्यावयाचें. या विसरण्यांत निष्ठुरता नाहीं; ती व्यवस्था आहे. मात्र ती चालण्यास मागें वंश लागतो.

ही अडचण लोकाचारविषयक जपानी अभ्यासक यानागिता कुनिओ यांस १९४५ सालीं, युद्धाच्या अखेरच्या दिवसांत, तीव्रतेनें जाणवली. अविवाहित तरुण सहस्रावधि मरत होते. त्यांस पूर्वज कोणी म्हणावें? १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं सुचविलें कीं अशांच्या नांवानें नवें घराणें चालवावें, म्हणजे निपुत्रिक तरुणही मूळपुरुष होईल.

आमच्या पूर्वजांनींही या अडचणीकडे डोळेझांक केली नव्हती. पितृपक्षांतील चतुर्दशी शस्त्रानें मेलेल्यांसाठीं राखलेली आहे, आणि ज्यांची तिथि ठाऊक नाहीं त्यांस सर्वपित्री अमावास्या आहे. भीष्म निपुत्रिक होते, म्हणून माघ शुद्ध अष्टमीस त्यांना सर्वांनींच तर्पण द्यावें असा संकेत आहे. ज्याला पुत्र नाहीं त्याचे आपण सारेच पुत्र, हा या संकेताचा अर्थ.

वीरगळही आम्हांस त्याच जातीचा वाटतो. घरचें श्राद्ध पुत्रानें करावयाचें. गांवाच्या सीमेंत उभारलेली शिळा मात्र एकट्या घराण्याची राहत नाहीं. एकसरच्या त्या वीरांचे वंशज कोणते, हें आज सांगतां येणार नाहीं. कदाचित् ते आसपासच्याच चाळींत वा इमारतींत राहत असतील, आणि त्यांनाही तें ठाऊक नसेल. म्हणूनच त्यांचें ऋण अमक्याचें, आमचें नव्हे, असें म्हणण्याची सोय कोणालाच उरली नाहीं. पुढच्या चतुर्दशीस ओंजळभर तिलोदक सोडतांना उपनगरांतल्या वाचकांनीं या निनांवी नाविकांचेंही स्मरण करावें. गोत्र ठाऊक नसलें तरी गांव ठाऊक आहे.