सरावातली लढत आणि वस्तादाची नजर



आपल्या सिल्वासाच्या आठवणींत २ ऑगस्ट १९५४ चा दिवस दरवर्षी निघतो, आणि निघायलाच हवा. राजा वाकणकर, नाना काजरेकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावं आपल्या पोरांनाही पाठ आहेत. पण त्या गोष्टीतला एक भाग आपण घाईत उरकतो. लढा सुरू होण्याआधी वाकणकर आणि काजरेकर या मुलखात अनेकदा येऊन गेले होते. त्यांनी भूभाग पाहिला, इथल्या कार्यकर्त्यांशी ओळखी केल्या. प्रत्यक्ष लढा थोड्या दिवसांचा, तयारी मात्र त्याच्या कितीतरी आधीची.

आज लिहायचंय ते अशाच तयारीबद्दल, पण रिंगणातल्या. कारण नाशिक, जळगाव, धुळे, सांगलीकडून नोकरीसाठी इथे येऊन स्थिरावलेल्या आपल्या घरांतली मुलं-मुली आता बॉक्सिंग शिकायला जातात. आई-वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लागणार तर नाही ना?" प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धा आहे. खरं विचारायचं ते हे, की माझ्या पोराला समोरासमोर कधी उभं करणार, कुणासमोर करणार, आणि थांबवणार कोण? बॉक्सिंगचा सगळा इतिहास म्हणजे या तीन प्रश्नांची हळूहळू मिळालेली उत्तरं आहेत. आणि ती फुकट मिळालेली नाहीत.

लंडनमध्ये जॅक ब्रॉटन नावाचा मुष्टियोद्धा होता. त्या काळी लढती उघड्या मुठींनी व्हायच्या. त्याच्या हातून एका प्रतिस्पर्ध्याचा जीव गेला आणि त्यामुळे त्याने १७४३ मध्ये नियम लिहिले, असं सांगितलं जातं. पडलेल्याला मारायचं नाही, हा त्यातलाच एक. पुढे १७४७ च्या सुमारास त्याने सभ्य घरांतल्या तरुणांसाठी शिकवणी काढली आणि शिकाऊंच्या हातात मऊ हातमोजे चढवले. डोळा काळा-निळा होऊ नये, जबडा मोडू नये, नाक फुटू नये, एवढाच हेतू. गंमत पाहा: ग्लोव्ह्ज आधी आले ते शिकणाऱ्यांसाठी. सामन्यांमध्ये ते सक्तीचे व्हायला १८६७ चे क्वीन्सबेरी नियम यावे लागले. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, पडल्यावर दहा आकडे, हेही सगळं त्याच नियमांतलं. म्हणजे सुरक्षिततेचा विचार सामन्यात नाही, सरावात जन्मला.

आपल्या बाजूलाही मुठीची लढत नवी नव्हती. इथून फार लांब नसलेल्या बडोद्यात खंडेराव महाराजांच्या दरबारी 'नखी का कुस्ती' चालायची. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने १८६० च्या दशकात ती पाहून लिहून ठेवली आहे. मल्लांच्या मुठीला शिंगाची नखं बांधलेली आणि अंगावरून रक्ताचे ओघळ. तो पाहणाऱ्यांचा तमाशा होता. पण त्याच बडोद्यात पुढे द. चिं. मजुमदारांनी मराठीत 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले आणि अंगमेहनतीचं ज्ञान नीट पद्धतशीर मांडलं. दरबारी तमाशापासून शिस्तीच्या शिक्षणापर्यंतचा प्रवास एकाच शहराने पाहिला.

आणि आपली तालीम? तिथे नवं पोर आलं की वस्ताद त्याला लगेच कुणाशी भिडवत नसे. आधी हौद्यातली माती उकरायची, जोर-बैठका मारायच्या, मोठ्यांची लढत कडेला बसून पाहायची. मग जोड ठरायची, तीही वस्तादाच्या नजरेनं. वजन, वय, दम, सगळं बघून. मोठा पैलवान लहानाशी धरायचा तेव्हा तो त्याला 'खेळवायचा', पाडायचा नाही. पाडण्याची हौस दिसली की वस्तादाची हाक यायची. इंग्रजीतून आलेल्या 'स्पारिंग' या शब्दाला मला तरी 'खेळवणं' हाच सगळ्यात जवळचा मराठी शब्द वाटतो.

बॉक्सिंग आपल्याकडे आलं ते लष्कराच्या छावण्यांतून. १९२५ मध्ये मुंबई इलाख्याचा हौशी बॉक्सिंग संघ झाला, १९४९ मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, आणि १९५० मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर भरली. मराठी माणसाला तालमीकडून रिंगकडे जायला वेळ लागला नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर लहानपणी कुस्ती खेळायचे, सैन्यात गेल्यावर बॉक्सर झाले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, बॉक्सिंग संपलं, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनीच पोहण्यात भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं.

दुसरीकडे डॉक्टरांचं म्हणणंही जमत गेलं. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या हॅरिसन मार्टलंड यांनी लिहिलं, की डोक्यावर वर्षानुवर्षं ठोसे खाल्लेले बॉक्सर पुढे अडखळत चालतात, बोलताना जीभ जड होते. १९८२ मध्ये लास व्हेगासला चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियाचा किम डुक-कू वाचला नाही, आणि व्यावसायिक जागतिक लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. आपल्या देशातही २०२२ मध्ये बंगळुरूत किकबॉक्सिंगच्या सामन्यात ठोसा लागून एक तरुण दगावला.

"हेडगार्ड आहे ना, मग काय भीती?" असं बरेचजण म्हणतात. हेडगार्डने भुवई फुटणं, कान सुजणं वाचतं. मेंदू मात्र कवटीच्या आत हलतो, आणि तो हलायचा राहत नाही. २०१३ पासून पुरुषांच्या मोठ्या हौशी स्पर्धांतून हेडगार्ड काढलं गेलं, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष त्याशिवायच लढले. शिकाऊंनी ते घालायचंच, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

मग राहायचं कशाच्या भरवशावर? क्रमाच्या. आधी उभं राहणं आणि पाय हलवणं, मग आरशासमोर शॅडो बॉक्सिंग, मग बॅग, मग प्रशिक्षकाच्या हातातले पॅड. ठोसा अडवणं आणि चुकवणं अंगात मुरल्यावर ठरवून खेळायचं: एकाने फक्त जॅब मारायचा, दुसऱ्याने फक्त अडवायचा. मग फक्त अंगावर, डोक्यावर नाही. मोकळी लढत सगळ्यात शेवटी. तीही हलक्या हाताने, थोड्या वेळाची, साधारण सारख्या वजनाच्या आणि शक्यतो अनुभवी जोडीदाराशी. हातात जाड, बहुतेकदा १६ औंसांचे, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमचे ग्लोव्ह्ज, दातांत माउथगार्ड, आणि प्रशिक्षक दोघांच्या जवळ उभा. मोबाईलवर नाही.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाला एका ठिकाणी चौथ्याच दिवशी दोन वर्षं खेळलेल्या मुलासमोर उभं केलं. "कळेल कसं असतं ते," म्हणून. घरी आला, जेवला नाही, डोकं दुखतंय हे दोन दिवस लपवलं, कारण सांगितलं तर आई पाठवणार नाही. तो ठीक आहे, पण बॉक्सिंग सुटलं. असं भिडवून कोणी शूर होत नाही. एक तर जायबंदी होतो किंवा कायमचा घाबरतो.

म्हणून घरी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: डोकं दुखलं, उलटी झाली, गरगरलं, धूसर दिसलं, तर सांगायचं, आणि सांगितलं म्हणून रागावणार नाही. त्या दिवशी खेळ बंद, आधी डॉक्टर. पहिला धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला तर कोवळ्या वयात तो जिवावर बेतू शकतो. हौशी बॉक्सिंगच्या नियमावलीतही वर्षानुवर्षं हेच होतं: डोक्याला लागून नॉकआउट झाला तर किमान ३० दिवस ना सामना, ना सराव-लढत. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा झाला तर ९० दिवस.

मुलांना पाठवा, मुलींना तर नक्की पाठवा. दम वाढतो, राग आवरायला शिकतात. फक्त नाव घालण्याआधी तासभर कडेला बसून बघा. प्रशिक्षक ठोसा किती जोरात मारायला शिकवतो ते नंतर पाहा. "थांब" म्हटल्यावर दोन्ही पोरं जागच्या जागी थांबतात का, ते आधी पाहा.

तुमच्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी तालमीत असेल, तर त्यांचे वस्ताद नव्या पोराला पहिल्यांदा कधी आणि कसं धरायला लावायचे, ते खाली जरूर लिहा. हे कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही, आपल्याच घरांत आहे.