शिरूरचा मासा बरणीत गेला असता तर

1820चं दशक सरत आलंय. चाकणजवळ इंद्रायणीच्या काठी तुम्ही भोयांच्या घोळक्यात उभे आहात. जाळं वर येतं. त्यातला एक मासा सोडवून भोई तुमच्या हातावर ठेवतो.

“नकटा हाय, पाव्हणं. घट धरा, न्हाईतर सुटंल.”

तुम्ही त्याच्या थोबाडावरून अंगठा फिरवता. तोंडाच्या वर खोल खाच, आणि खाचेवर शिंगासारखा पुढे आलेला मांसल उंचवटा. हा मासा एकदा पाहिला की पुन्हा गल्लत होणं नाही.

शेजारी साइक्स साहेब बसलेत. मुंबई सरकारचे आकडेवारी अधिकारी. साहेब पाठीवरचा पर पसरून त्यातले काटे मोजतात आणि वहीत नाव लिहितात, भोयांनी सांगितलं तेच: नकटा.

पापणी लवते आणि तुम्ही शिरूरला, घोडनदीवर पोचता. समोर मोठाड, मिशाळ मासा. वहीत नोंद होते, ‘मसुल्ला’. याला नकट्यासारखी ठळक खूण नाही. याचे भाऊबंदही असेच दिसतात. आता हा स्पिरिटच्या बरणीत जाणार की कालवणात? विचारायच्या आत साल बदलतं.

1839, लंडन. झूलॉजिकल सोसायटीच्या कामकाजात दख्खनच्या माशांवरचा साइक्स यांचा लेख छापून आलाय. नकटा आहे, मसुल्ला आहे, मुळा-मुठेतली खुद्रीही आहे. मसुल्ल्याचा मूळ नमुना मात्र पुढे कुठल्याच संग्रहालयात सापडत नाही.

त्याची किंमत बघायला 2018 मध्ये कावेरीवर या. पाठीला कुबड असलेल्या इथल्या अजस्र महासीरला विसाव्या शतकात काही अभ्यासकांनी मसुल्ला ठरवलं, काहींनी ते नाकारलं. ताडून बघायला मूळ मासाच नाही, मग वाद मिटणार कसा? तोवर गळकऱ्यांच्या लाडक्या या माशाला सर्वमान्य शास्त्रीय नाव नाही, आणि नाव नाही म्हणून धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत जागाही नाही. अखेर डीएनए आणि शरीररचना तपासून उलगडा होतो: हा टोर रेमादेवीआय, केरळातल्या पांबार नदीतून आधीच वर्णन झालेला. 2018 मध्येच तो लाल यादीत चढतो, थेट ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून.

आता आजच्या प्रयोगशाळेत या. फॉर्मॅलिनमध्ये डीएनएची नासाडी होते, म्हणून आधी पराचा तुकडा कापून अल्कोहोलमध्ये ठेवला जातो. मग कॅलिपरने मापं, खवल्यांची मोजणी आणि बरणीवर नदी, गाव, तारीख, नोंदणी क्रमांक. 2000 सालापासून नियमच आहे: नव्या जातीचं नाव जाहीर करताना ते कोणत्या नमुन्यावर बेतलंय, हे स्पष्ट सांगायचं. नाहीतर नाव ग्राह्यच नाही.

उद्या कुणी येऊन म्हणेल, “तुमची जात चूक आहे.” त्याच्याशी हुज्जत घालायची नाही. बरणी काढून पुढे ठेवायची.