कुरेशींची यादी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एनएफएलचा ड्राफ्ट उरकतो आणि त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी चहाचा कप घेऊन एक्सेल उघडून बसतो. बायको स्वयंपाकघरातूनच म्हणते, "झालं ह्याचं सुरू!"

ज्यांना ह्या भानगडीतलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा अमेरिकन फुटबॉल, म्हणजे अंडाकृती चेंडू, हेल्मेटं आणि धक्काबुक्कीवाला. आम्ही बारा जण (बहुतेक जुने हापिसातले) त्याची फँटसी लीग खेळतो. प्रत्येकाचा एक कागदी संघ. खऱ्या सामन्यांत आपल्या खेळाडूंनी पळून, झेलून जे काही केलं त्याचे गुण आपल्या खात्यात. आमच्या लीगमधे संघ वर्षानुवर्षं तोच राहतो, म्हणून दर मे महिन्यात फक्त नवी पोरं, म्हणजे रूकी, वाटून घेतली जातात. त्यासाठी प्रत्येकाला आपापली यादी लागते. पहिला कोण, दुसरा कोण, पंचविसावा कोण. कुणीच अजून एकही सामना खेळलेला नसतो आणि तरीही आम्ही दशांश चिन्हानंतर दोन आकडे लिहून त्यांना नंबर देतो. असो.

ह्या वेळी यादी करता करता भरकटलो. ही असली यादी पहिल्यांदा नीट, म्हणजे संगणकावर, कुणी केली असेल असा प्रश्न पडला. आणि शोधता शोधता सापडला एक भारतीय माणूस, तोही १९६० च्या दशकातला. शनिवार गेला तो गेलाच.

ड्राफ्ट ही मूळ कल्पना बर्ट बेल यांची. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक. त्यांचा संघ सतत हरायचा आणि कॉलेजातले चांगले खेळाडू जिंकणाऱ्या श्रीमंत संघांकडेच जायचे. म्हणून त्यांनी सुचवलं, की कॉलेजच्या पोरांची निवड सगळ्यांनी एकत्र बसून करायची आणि पहिली संधी सगळ्यात वाईट संघाला. पहिला ड्राफ्ट फेब्रुवारी १९३६ मधे फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात झाला. फळ्यावर नव्वदेक नावं लिहिली होती म्हणे. पहिलं नाव उचललं गेलं जे बर्वँगरचं, आणि हा पठ्ठ्या व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही! थोडक्यात, पहिल्या क्रमांकाचा खेळाडू वाया जाणं ही परंपरा पहिल्याच दिवसापासूनची आहे.

तेव्हा माहिती मिळायची वर्तमानपत्रांतून आणि मासिकांतून. न्यूयॉर्क जायंट्सच्या मालकांचा मुलगा वेलिंग्टन मारा गावोगावची वर्तमानपत्रं मागवून कात्रणं ठेवायचा आणि तेवढ्यावर तो इतरांच्या पुढे होता. पुढे संघांनी स्काउट नेमले. ते गावोगाव हिंडून पोरांना बघायचे आणि शेरे लिहायचे: "चपळ आहे", "पोरगा जिद्दी", "डोकं शांत".

आता येतात डॅलस काउबॉइज. हा संघ जानेवारी १९६० मधे लीगमधे आला, पण त्या वर्षीचा ड्राफ्ट आधीच होऊन गेला होता. त्यामुळे हातात उरलेसुरले खेळाडू. पहिल्या हंगामाचा हिशोब: ० विजय, ११ पराभव, १ बरोबरी. संघ चालवणारी त्रयी मात्र भारी होती. व्यवस्थापक टेक्स श्रॅम, आधी सीबीएस टीव्हीवर होते. प्रशिक्षक टॉम लँड्री, इंडस्ट्रियल इंजिनियरिंग शिकलेले, म्हणजे आपल्याच जातकुळीतले. आणि खेळाडू शोधणारे गिल ब्रँट, जे त्याआधी हॉस्पिटलांत नवजात बाळांचे फोटो काढायचे. (नव्या माणसांच्या पारखीचा हा अनुभव धरावा की नाही, ठरवा.)

सीबीएसने १९६० चं हिवाळी ऑलिंपिक दाखवलं होतं. तिथे आयबीएमचा संगणक निकालांची आकडेमोड करत होता आणि ते श्रॅमनी पाहिलं होतं. त्यांच्या डोक्यात किडा शिरला: हेच यंत्र आपल्याला खेळाडू निवडून देईल का? ते आयबीएमच्या 'सर्व्हिस ब्युरो कॉर्पोरेशन' ह्या कंपनीकडे गेले. कंपनीने हे काम ज्यांच्याकडे दिलं त्यांचं नाव सलाम कुरेशी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेले संख्याशास्त्रज्ञ. क्रिकेट माहीत, अमेरिकन फुटबॉल शून्य.

मला हे दृश्य डोळ्यासमोर आणायला काहीच अडचण येत नाही. क्लायंटला संगणक कळत नाही, आपल्याला क्लायंटचा धंदा कळत नाही, आणि पहिली मीटिंग सोमवारी. आपल्यापैकी निम्म्या लोकांनी करियर ह्याच्यावरच काढलंय. फरक एवढाच, की कुरेशी हे १९६२ च्या सुमारास, पंचकार्डांच्या जमान्यात करत होते.

त्यांना फुटबॉल येत नव्हता हेच पथ्यावर पडलं, हे आपलं माझं मत. जाणकार असता तर त्यानेही आपल्या आवडीचे शेरे आत घुसवले असते. कुरेशींनी प्रशिक्षकांना आणि स्काउटांना विचारायला सुरुवात केली, की चांगला खेळाडू म्हणजे नक्की काय? प्रत्येकाची यादी वेगळी. शेकडो गुण जमा झाले. एकाचं 'चपळ' दुसऱ्याच्या 'चपळ'शी जुळेना. मग खरं काम सुरू झालं, ते म्हणजे एकच गोष्ट दहा नावांनी मोजली जातेय का हे बघणं. दोन गुण कायम हातात हात घालून वर-खाली जात असतील तर ते दोन नाहीत, एकच आहे, आणि ते वेगळे मोजले तर त्या पोराला दुप्पट मार्क मिळतात. छाटत छाटत शेवटी पाच उरले: चारित्र्य, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, स्पर्धेची ईर्ष्या, बौद्धिक तल्लखपणा, आणि ताकद व उसळी. त्याशिवाय उंची, वजन, वेग हे फूटपट्टी आणि घड्याळाने मोजता येणारे आकडे होतेच. स्काउटांचे शेरे ठरावीक प्रश्नांच्या फॉर्मवर येऊ लागले. एकाचा सात म्हणजे दुसऱ्याचा पाच हा घोळ निस्तरणं हाही त्याच कामाचा भाग.

म्हणजे बघा, सगळ्यांच्या लक्षात राहतो तो संगणक, पण काही वर्षं खाल्ली ती शब्दांनी. आकडेमोड बिचारी त्या मानाने सोपी.

इथे मला माझंच एक जुनं पाप आठवलं. एका कंपनीत (नाव नको) मला टीममधल्या सात जणांना एक ते सात असे क्रमांक द्यायचे होते. फॉर्मवर 'पुढाकार' आणि 'संवाद' असे दोन वेगळे रकाने. एक मुलगी मीटिंगमधे फारशी बोलायची नाही. दोन्हीकडे तिला पाचपैकी दोन. एकच गोष्ट दोनदा मोजून मी तिला सातवी केलं. तिचं त्या वर्षीचं बढतीचं गेलं. रात्री बिल्ड मोडला की तो दुरुस्त कोण करतं हा रकाना त्या फॉर्मवर नव्हता, आणि मीही तो मागितला नाही. कुरेशींनी साठ वर्षांपूर्वी पकडलेली चूक मी एमसीए करून केली.

तर काउबॉइज. डिसेंबर १९६३ मधल्या ड्राफ्टमधे (तो १९६४ चा म्हणून मोजतात) १४ संघांनी २० फेऱ्यांत २८० पोरं निवडली. डॅलसने दुसऱ्या फेरीत मेल रेनफ्रो, सातव्या फेरीत बॉब हेज आणि दहाव्या फेरीत, १२९ व्या क्रमांकावर, रॉजर स्टॉबाक घेतला. तिघेही पुढे हॉल ऑफ फेममधे गेले. ह्याचं श्रेय मशीनला द्यायचा मोह होतो, आणि पुष्कळजण देतातही. पण जरा थांबा. स्टॉबाकला त्याच वर्षी कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च पुरस्कार, हाइझमन, मिळाला होता. हेज जगातला सगळ्यात वेगवान धावपटू मानला जात होता. पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमधे त्याने १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. हे दोघे कुणापासून लपलेले नव्हते. दोघांचं कॉलेज संपायचं होतं आणि स्टॉबाकची तर त्यानंतर नौदलाची नोकरी ठरलेली. इतरांना आत्ता खेळणारा खेळाडू हवा होता. डॅलसने वाट बघायची तयारी दाखवली. हेज १९६५ मधे आला आणि रूकी म्हणून १,००३ यार्ड आणि १२ टचडाऊन झेलून गेला. स्टॉबाक नौदलातून सुटून आला तो थेट १९६९ मधे!

मशीनचा फायदा जास्त करून खालच्या फेऱ्यांत, जिथे नावं ऐकलेली नसतात तिथे झाला असावा. बास्केटबॉल खेळणारी पोरं, छोट्या कृष्णवर्णीय कॉलेजांतली पोरं, अशांकडे डॅलस इतरांपेक्षा आधी बघू लागलं. १९६७ मधे सातव्या फेरीत घेतलेला फोर्ट व्हॅली स्टेट कॉलेजचा रेफील्ड राइट हॉल ऑफ फेमपर्यंत पोचला. खर्च परवडावा म्हणून रॅम्स आणि फोर्टीनायनर्स हे प्रतिस्पर्धी संघही ह्या माहितीत भागीदार झाले. कुरेशींनी पुढे स्वतःची कंपनी काढली. आणि डॅलसने १९६६ ते १९८५ सलग २० हंगाम हरण्यापेक्षा जिंकणं जास्त ठेवलं.

गंमत म्हणजे फँटसी फुटबॉलचा जन्मही नेमका ह्याच काळातला. १९६२ मधे ओकलंड रेडर्सचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसून त्याचे नियम रचले आणि १९६३ मधे पहिली निवड झाली. एकीकडे आयबीएमचं यंत्र, दुसरीकडे काही मित्र, कागद आणि पेन्सिल. मी ह्या दोघांचा वंशज.

आता १९७९. तिसरी फेरी, डॅलसची पाळी. त्यांच्या यादीत शिल्लक राहिलेल्यांत सगळ्यात वर नाव होतं क्वार्टरबॅक जो मोंटॅनाचं. यादीत वर असेल त्याला घ्यायचं, गरज-बिरज बघायची नाही, हा डॅलसचा नियम. पण त्यांच्याकडे स्टॉबाक होता, त्याच्यामागे डॅनी व्हाइट होता, आणखी एक होता. चौथा कशाला? त्यांनी टाइट एंड डग कॉझ्बी घेतला, ७६ वा. सहा नावांनंतर ८२ व्या क्रमांकावर मोंटॅना फोर्टीनायनर्सकडे गेला.

१० जानेवारी १९८२, सॅन फ्रान्सिस्को, सुपर बोलच्या आधीचा सामना. चौथ्या भागात व्हाइटचा पास झेलून टचडाऊन कुणी केला? कॉझ्बीने. डॅलस २७–२१ पुढे. मग मोंटॅना अख्खं मैदान चालत आला आणि ५१ सेकंद उरली असताना त्याने ड्वाइट क्लार्ककडे तो प्रसिद्ध पास टाकला. २८–२७. मोंटॅनाने पुढे चार सुपर बोल जिंकले. कॉझ्बीही वाईट नव्हता हो, तीनदा ऑल-स्टार सामन्यात गेला. म्हणून तर हा किस्सा जास्त चावतो.

माझ्या यादीची अडचण नेमकी उलटी. कुरेशींची यादी ड्राफ्टच्या आधीची, तिला फक्त पोरगा किती चांगला तेवढंच सांगायचं होतं. माझी ड्राफ्टनंतरची. तोपर्यंत कुणाला कुठला संघ मिळाला ते कळलेलं असतं आणि फँटसीत गुण मिळतात ते चेंडू हातात आला तर. मग चांगला पोरगा गर्दीच्या संघात गेला की मी त्याला खाली ढकलतो, बेताचा पोरगा रिकाम्या जागी गेला की वर. २०२३ मधे रॅम्सने पाचव्या फेरीत, १७७ वा, पुका नाकुआ घेतला. तिथे कूपर कप असताना ह्याच्याकडे चेंडू कशाला येईल, म्हणून मी त्याला माझ्या यादीत चाळिसाच्याही खाली ठेवला. हंगाम सुरू व्हायच्या आधी कप जखमी झाला. नाकुआने पहिल्या दोन सामन्यांत २५ झेल घेतले आणि वर्षाअखेर १०५ झेल, १,४८६ यार्ड, रूकींचे तेव्हाचे दोन्ही विक्रम. त्याला घेतलं होतं आमच्या लीगमधल्या एका डेटाबेसवाल्याने, शेवटच्या फेरीत, "नाव मस्त आहे" म्हणून.

तर ह्या वर्षी एक्सेलमधे दोन वेगळे रकाने केलेत, एक पोराचा, एक जागेचा. दोघांची बेरीज कशी करायची ते अजून जमलेलं नाही. आत्ता रविवारचे रात्रीचे अकरा वाजलेत, आमचा ड्राफ्ट पुढच्या शनिवारी, माझी पाळी नववी. डेटाबेसवाला दहावा आहे.